फळ्यावरची नावे : वर्गातल्या द्वाड मुलाची दोनशे वर्षे

मी शिक्षक नाही. शिक्षणशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही, इतिहासाचीही नाही. लेखनिकाची नोकरी सांभाळून गेली पंचवीसेक वर्षे जुने अहवाल, गॅझेटियर आणि आत्मचरित्रे वाचत आलो, एवढीच माझी पात्रता. हा लेखही एरवी लिहिला नसता. पण यंदा जुलैत, पनवेलच्या नेहमीच्या धो धो पावसात, पुतण्याची बायको घरी आली. सोबत दुसरीतला मुलगा होता. त्याने आल्या आल्या खालच्या फळीवरची दोन बाडे ओढली आणि तिसऱ्यावर चढून बसला.

शाळेने तिला बोलावून घेतले होते. मुलगा एका जागी बसत नाही, शेजारच्याची पेन्सिल हिसकावतो, बाई शिकवत असताना मोठ्याने गातो. दिवाळीपर्यंत फरक पडला नाही तर दुसरी शाळा बघा, असे सांगितले होते. तिने मला सरळच विचारले, "काका, तुम्ही एवढं जुनं जुनं वाचता. पूर्वी अशा मुलांचं काय करायचे?"

"मारायचे," मी म्हणालो.

उत्तर खोटे नव्हते, पण अर्धवट होते. ती गेल्यावर ते मलाच बोचत राहिले. त्याचे एक कारण जुन्या कागदांत आहे आणि दुसरे माझ्याच चौथीच्या वर्गात. आधी कागदांकडे वळतो.

बल्लारीचा अहवाल

इंग्रजी अंमल नवा असताना इथल्या गावशाळांची जी पाहणी झाली, तीत बल्लारीचा कलेक्टर ए. डी. कॅम्बेल याने ऑगस्ट १८२३ मध्ये पाठवलेला अहवाल प्रसिद्ध आहे. मद्रासचा गव्हर्नर थॉमस मन्रो याने ही माहिती मागवली होती. कॅम्बेलने जिल्ह्यात ५३३ शाळा मोजल्या. त्यांत कन्नड २३५, तेलुगू २२६ आणि मराठी २३ होत्या. विद्यार्थी ६,६४१, म्हणजे सरासरीने एका शाळेत बारा-तेरा मुले.

त्या शाळेची सकाळ कॅम्बेलने बारकाईने टिपली आहे. सर्वांत आधी येणाऱ्या मुलाच्या तळहातावर सरस्वतीचे नाव लिहीत, तो मान. दुसऱ्याच्या हातावर शून्य, म्हणजे ना स्तुती ना निंदा. तिसऱ्याला हलकीशी एक छडी, चौथ्याला दोन, आणि पुढे येणाऱ्या प्रत्येकाला एकेक वाढत जाई. आळशी मुलाला फटके बसत. कधी दोन्ही हात बांधून कप्पीच्या दोरीने त्याला आढ्याला टांगत, कधी सतत उठाबशा काढायला लावत. उठाबशांची शिक्षा त्रासाची असली तरी प्रकृतीला बहुधा चांगली, असा शेराही साहेबाने मारला आहे.

आपल्याकडच्या पंतोजींची शाळा याहून फार वेगळी नव्हती. धुळपाटीवर अक्षर गिरवायचे, बाराखडी आणि पावकी-निमकी मोठ्याने घोकायची, मग मोडी. चुकले की अंगठे धरून ओणवे उभे राहायचे, कान पिळून घ्यायचा. पंतोजींना ठरलेला सरकारी पगार नसे. मुलांच्या घरून येणारे धान्य आणि थोडे पैसे यांवर त्यांचे चाले. मूल आले नाही की पंतोजींच्या पोटावर पाय यायचा. उशिरा येणाऱ्याला वाढत्या छड्या का, याचे निदान एक उत्तर यात सापडते.

या अहवालातून मी एक गोष्ट शिकलो. आज आपण म्हणतो की वर्गात साठ-साठ मुले असतात, शिक्षक तरी काय करणार. ही अडचण खरी आहे. पण बल्लारीत शाळेत बारा मुले होती आणि दोरी तरीही आढ्याला होती. तेव्हा गर्दी हे एकमेव कारण नव्हे.

मद्रासहून लंडनला आणि परत

त्याच अहवालात कॅम्बेलने आपल्या शाळांच्या एका पद्धतीचे कौतुक केले आहे. मोठी मुले लहान मुलांना शिकवत आणि त्यांच्यावर लक्ष ठेवत. या पद्धतीचे इंग्लंडात अनुकरण झाले ते योग्यच झाले, असे तो म्हणतो.

त्यामागची हकिकत अशी. अँड्र्यू बेल हा स्कॉटिश पाद्री १७८९ मध्ये मद्रासच्या लष्करी अनाथाश्रमाचा प्रमुख झाला. हाताखालचे शिक्षक त्याचे ऐकेनात. एका देशी शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे काढताना त्याने पाहिली आणि तीच रीत आपल्या आश्रमात आणली. मोठ्या शिक्षकांनी कुरकुर केली तेव्हा त्याने एका लहान मुलालाच खालच्या वर्गाचा शिक्षक केले. यातून 'मॉनिटर' पद्धत उभी राहिली. १७९७ मध्ये बेलने लंडनमध्ये त्यावर पुस्तक छापले. त्याच्या शाळेत एक काळी वही असे. मुलांचे गुन्हे तीत लिहिले जात आणि मुलांच्याच पंचांपुढे त्यांचा निवाडा होई.

पुढच्याच वर्षी, १७९८ मध्ये, जोसेफ लँकेस्टरने लंडनमध्ये स्वतःची शाळा काढली. शेकडो मुले, एक शिक्षक आणि बाकी सगळे मॉनिटर. लँकेस्टर फटक्यांच्या विरोधात होता. म्हणून त्याने शरमेच्या शिक्षा शोधल्या. द्वाड मुलाच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवायचा, किंवा त्याला टोपलीत बसवून दोरीने छताला टांगायचे आणि खालून बाकीच्या मुलांनी हसायचे. बल्लारीच्या पंतोजीने हात बांधून टांगले, लंडनच्या सुधारकाने टोपलीत घालून टांगले. एकाला आपण रानटी म्हणतो आणि दुसरा शिक्षणसुधारक ठरला. मुलाला मात्र दोन्हीकडे वर्ग खालीच दिसत होता.

ही पद्धत मग समुद्रमार्गे परत आली. १८१५ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे एज्युकेशन सोसायटीने बेलची रीत उचलली. १८२२ मध्ये देशी मुलांच्या शिक्षणासाठी वेगळी संस्था निघाली, तीच पुढे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी झाली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस तिचा कार्यवाह होता. त्याच्या देखरेखीखाली तयार झालेले मराठी व गुजराती शिक्षक १८२६ मध्ये जिल्ह्याजिल्ह्यांत गेले. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर शिक्षणखाते आले, तपासणीला डिपोटी येऊ लागले, आणि १८६० च्या दशकात निकाल पाहून अनुदान देण्याची पद्धतही मुंबई इलाख्यात आली. आता प्रश्न पंतोजींच्या शिध्याचा राहिला नाही, परीक्षेच्या आकड्याचा झाला. धड्यात अडथळा आणणारे मूल म्हणजे शाळेच्या अनुदानातला अडथळा ठरू लागले.

पनवेलपासून जवळच असलेल्या शिरढोणला १८४५ मध्ये जन्मलेले वासुदेव बळवंत फडके लहानपणी शाळेपेक्षा कुस्ती आणि घोडेस्वारीत अधिक रमत, असे त्यांचे चरित्रकार लिहितात. टिळकांच्या शेंगांच्या टरफलांची गोष्ट तर प्रत्येक मराठी शाळेत दर एक ऑगस्टला होते. न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा नाकारणाऱ्या मुलाचे आम्ही भाषणात कौतुक करायचो. त्याच दिवशी मधल्या सुट्टीनंतर वर्गात कोणी शिट्टी वाजवली आणि नाव कळले नाही, तर अख्ख्या वर्गाच्या हातावर छडी बसायची. दोन्हींचा संबंध तेव्हा आमच्यापैकी कोणालाच दिसला नाही.

मॉनिटर

१९७८-७९ साली मी पनवेलच्या एका शाळेत चौथीत होतो. जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते, रायगड नंतर झाले. वडिलांनी मला शाळेत घालताना मास्तरांना सांगितले होते, "गरज पडली तर फोडून काढा, आमचं काही म्हणणं नाही." मला मार फारसा बसला नाही, कारण मी मॉनिटर होतो.

मास्तर कचेरीत गेले की मी खडू घेऊन फळ्यापाशी उभा राही. वर लिहायचे 'बोलणाऱ्या मुलांची नावे'. खाली नाव, आणि पुन्हा बोलला की नावापुढे एक फुली. मास्तर आले की फुल्या मोजून छड्या. बेलची काळी वही पावणेदोनशे वर्षांत फळ्यावर आली होती, हे मला तेव्हा कुठून ठाऊक असणार?

पहिले नाव बहुतेक एकाच मुलाचे असे. ते नाव मी इथे लिहीत नाही. तेव्हा पुरेसे लिहून झाले आहे. त्याचे वडील भातगिरणीत हमाल होते. तो शेवटच्या ओळीत बसायचा, सारखा शेजाऱ्याकडे वळायचा, त्याची पाटी ओढायचा, मध्येच उठून पुढे यायचा. त्याच्या नावापुढच्या काही फुल्या खऱ्या होत्या. काही मी मारल्या, कारण त्याने मला चिंचा दिल्या नव्हत्या. पाचवीत तो आला नाही. कोणी विचारले नाही, मीही नाही.

गोष्ट सांगणारा मास्तर

छडी सोडून दुसरे काही करता येते, याचा शोध आपल्या भागात कायद्याने लागला नाही. काही माणसांनी वर्गात उभे राहून, चुकत चुकत तो लावला.

गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. ते मूळचे वकील. त्यांचे 'दिवास्वप्न' हे छोटे पुस्तक प्रत्येक पालकाने वाचावे असे आहे. त्यातला शिक्षक लक्ष्मीराम वर्षभराच्या प्रयोगासाठी चौथीचा वर्ग मागून घेतो. पहिल्या दिवशी तो माँटेसरीचा शांततेचा खेळ करायला जातो. खोलीत अंधार करतो आणि सगळ्यांना गप्प बसायला सांगतो. मुले हसतात, आवाज काढतात, धिंगाणा घालतात. फजिती होऊन तो मुलांना सुट्टी देतो. घरी जाऊन विचार करतो की चूक मुलांची नव्हती. जी शांतता त्यांनी कधी अनुभवली नाही ती मी त्यांच्याकडे मागितली. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो आणि वर्ग आपोआप शांत होतो. शिक्षकाचा पराभव पहिल्याच प्रकरणात प्रामाणिकपणे सांगणारी शिक्षणावरची पुस्तके मी फार पाहिलेली नाहीत.

माँटेसरीबाई स्वतः डॉक्टर. त्यांचे पहिले बालगृह रोममधल्या गरीब वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी उघडले. इतरांना त्रास देणाऱ्या मुलाचे काय करायचे, हे त्यांनी लिहून ठेवले आहे. आधी त्याची वैद्यकीय तपासणी. शरीरात दोष नसेल तर खोलीच्या कोपऱ्यात एक लहान टेबल आणि आरामाची खुर्ची, तोंड बाकीच्या मुलांकडे, हातात त्याच्या आवडीच्या वस्तू. त्याला रागवायचे नाही. घरातल्या आजारी मुलाची करतात तशी त्याची विचारपूस करायची. इतर मुले कशी काम करतात ते तो तिथून पाहतो आणि हळूहळू त्यांच्यात परततो. आपल्याकडे कोपरा होताच, फक्त त्यात मुलाचे तोंड भिंतीकडे असे.

मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजातले प्राचार्यपद सोडून १९२३ मध्ये गिजुभाईंकडे गेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार निघाले आणि १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र. तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले.

कोसबाडला प्रश्न वर्गात गोंधळ घालणाऱ्या मुलाचा नव्हताच, वर्गात न येणाऱ्या मुलाचा होता. वारली मुले शाळेत टिकत नाहीत याला लोक आळस म्हणत. या दोघींनी पाड्यावर जाऊन पाहिले. मुलगी येत नाही, कारण कडेवर धाकटे भावंड आहे. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि तिला विकासवाडी म्हटले. मुलगा येत नाही, कारण त्याच्याकडे गुरे आहेत. मग शाळाच कुरणात नेली, ती कुरणशाळा. महाग साहित्याऐवजी बिया, खडे, शिंपले. गुरे राखणाऱ्या मुलाला भिंतीत बसवण्याआधी तो जिथे आहे तिथे त्यांनी शिकवले. पनवेल तालुक्यात माथेरानच्या पायथ्याला ठाकूर आणि कातकरी वाड्या आहेत. दिवाळीनंतर यातली किती घरे वीटभट्टीवर जातात आणि मुलांचा वर्ग अर्ध्यावर सुटतो, हे इथल्या शिक्षकांना वेगळे सांगायला नको. चार महिन्यांनी परतलेले ते मूल वर्गात अस्वस्थ दिसले, तर ती अस्वस्थता कुठून आली हे उघड आहे.

खानदेशात अमळनेरला साने गुरुजी १९२४ ते १९३० प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. छात्रालयातल्या अव्यवस्थित मुलांच्या खोल्या ते न बोलता स्वतः आवरून ठेवत, अशा आठवणी त्यांच्या विद्यार्थ्यांनी सांगितल्या आहेत. लाज वाटून मुले आपणच आवरू लागली. शरम लँकेस्टरनेही वापरली होती. तिथे मुलाला सर्वांसमोर लटकवले जाई, इथे शिक्षक त्याच्यासाठी वाकत होता. त्यामुळे तिचा परिणामही वेगळा झाला.

कायदा आला, पुढे काय?

छडीला सर्वत्र निरोप मिळायला मोठा काळ गेला. पोलंडने शाळेतला मार १७८३ मध्येच बंद केला. ज्या इंग्लंडकडून आपण शाळाखाते घेतले, तिथे सरकारी शाळांतली छडी १९८७ मध्ये गेली. आपल्याकडे १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ती नको म्हटले, १ डिसेंबर २००० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तिला परवानगी देणारा तिथला नियम रद्द केला, आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली. त्याच कायद्याच्या कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. पहिली ते पाचवीसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक, असे प्रमाणही त्यात आहे.

पुतण्याच्या बायकोला मी कलम १६ दाखवले. तिने ते शांतपणे वाचले आणि म्हणाली, "काका, काढत नाहीत हो. आपणच जावं असं करतात."

यावर माझ्याकडे कलम नव्हते. छडी गेली, पण तिच्या जागी काय करायचे याचे शिक्षण शिक्षकाला क्वचित मिळाले. मार बंद झाला आणि पालकांना चिठ्ठी, वेगळे बसवणे, 'दुसरी शाळा बघा' हे उरले. मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने १९३७ मध्येच बालमार्गदर्शन चिकित्सालय काढले होते. त्याच साली अमेरिकेत डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांना अस्वस्थ मुलांवर औषधाचा परिणाम दिसला, ज्यातून पुढे अतिचंचलतेवरचे औषधोपचार आले. म्हणजे मुलाकडे गुन्हेगार म्हणून न पाहता आधी तपासून पाहावे, हा विचार आपल्या दारात येऊन आठ दशके उलटली. एवढ्या वर्षांत तो सगळ्या वर्गांपर्यंत पोचलेला नाही.

भेट

हे सगळे लिहून झाल्यावर मी त्या वर्गमित्राला शोधले. तो पनवेलातच होता. इतकी वर्षे टेम्पो चालवून आता मुलाच्या हाती दिला आहे. मी ओळख सांगितली, फळ्याचे सांगितले, चिंचांचेही सांगितले. तो हसला. म्हणाला, "तू लिहायचास ते मला दिसायचंच नाही रे."

मला वाटले तो विषय टाळतो आहे. पण ते शब्दशः खरे होते. गाडीच्या परवान्यासाठी विसाव्या वर्षी डोळे तपासले तेव्हा कळले की त्याला लांबचे फार कमी दिसते. शेवटच्या ओळीतून फळा त्याला नुसता काळा दिसे. म्हणून तो शेजाऱ्याला विचारायचा, त्याची पाटी ओढून उतरवून घ्यायचा, उठून पुढे यायचा. मी ज्याला बोलणे म्हणून फुली मारली, ते विचारणे होते. त्याचे नाव आणि त्यापुढच्या फुल्या वर्गात सगळ्यांना दिसत होत्या, त्याच्याशिवाय. छडी खाताना किती बसणार हे त्याला मोजता येत नसे, इतकेच तो म्हणाला. मला क्षमा मागायची होती. तो चहा सांगायला उठला, आणि ते राहूनच गेले.

प्रत्येक द्वाड मुलामागे असे सोपे कारण सापडेल, असे मी म्हणत नाही. काही मुलांच्या घरी झोप होत नसते, काहींना शिकवलेले आधीच येत असते, काहींना समजत नसते आणि ते लपवायला विनोद बरा पडतो, काहींना खरोखर उपचार लागतात. पण दोनशे वर्षांचे कागद चाळल्यावर एवढे सांगू शकतो : बल्लारीचा पंतोजी, लंडनचा सुधारक, डिपोटीला भिणारा मास्तर आणि मी, आम्ही सगळ्यांनी मुलाला थांबवायचे कसे एवढेच विचारले. गिजुभाई, ताराबाई आणि अनुताईंनी ते मूल असे का करते हे आधी विचारले, आणि उत्तर मिळाले तेव्हा मुलाऐवजी शाळेत बदल केला.

सप्टेंबरात पुतण्याच्या मुलाचे डोळे आणि कान तपासून घेतले. डोळे उत्तम आहेत. उजव्या कानात मळ घट्ट बसला होता, तो काढला. तो मोठ्याने का गात होता, याचे थोडे उत्तर त्यात असेल, थोडे नसेलही. बाईंना मुलाच्या आईने ते सांगितले, तेव्हा बाईंनी त्याला पुढच्या बाकावर, डावा कान त्यांच्याकडे येईल असे बसवले. तो अजूनही उठतो. परवा बाईंनी निरोप पाठवला, की दुसऱ्या शाळेचा विचार सध्या करू नका, बघू या.